पंधरा दिवसांसाठी बंगलोर

लहान मूल घेऊन विमानात बसायचं म्हटलं की आमच्या बिल्डिंगमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, विमान चढताना-उतरताना तिच्या तोंडात लिमलेटची गोळी द्या, कानाला दडे बसत नाहीत. समोरच्या ब्लॉकमधला मुलगा कामासाठी सारखा दिल्लीला जातो, तो म्हणाला, "काका, खिडकी तिला द्या, नाहीतर वाट लावेल ती तुमची." तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर स्केचपेनांचा नवाकोरा डबा आणून दिला आणि पोरीचा पापा घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, कमाल आहे या बाईची, पोरगी पंधरा दिवस आईबापाकडे निघालीय आणि ही डोळे काय पुसते! त्या सगळ्यांना माहीत होतं की पोरगी परत यायची नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवून सांगणं मला जमत नाही, आणि आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

पोरगी म्हणजे माझी नात, तेव्हा साडेतीन वर्षांची. मुलगा आणि सून दोघंही बंगलोरला नोकरीला. ती दहा महिन्यांची असताना तिथल्या पाळणाघरात सारखी आजारी पडायला लागली, तेव्हा दोघं तिला घेऊन डोंबिवलीला आले आणि जाताना आमच्याकडे ठेवून गेले. "थोडे दिवस" असं म्हणाले होते. त्या थोड्या दिवसांत ती रांगायची चालायला लागली, चालायची पळायला लागली आणि मला आबा म्हणायला लागली. मी तेव्हा नुकताच रिटायर झालेलो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याची टूलरूम आयुष्यभर सांभाळली, आणि आता सकाळी उठून डबा न घेता नुसतं खुर्चीत बसायचं या कल्पनेनंच मला धडकी भरायची. पोरगी आली आणि मला पुन्हा ड्युटी लागली. दूध, अंघोळ, वेणी, जेवण, फिरणं, सगळं मी करायचो. वेणी घालायला शिकलो तेव्हा बायको दाराआड उभी राहून हसत होती. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी म्हणतात, ते काही उगीच नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, आता तिला आम्ही घेऊन जातो. शाळेचं वय झालं." मी हातातला घास ताटात टाकला. म्हटलं, "आजारी होती तेव्हा इथे आणून सोडलीत. आता बोलायला लागली, गोड झाली, तशी हवीशी झाली होय? आणि शाळा काय फक्त बंगलोरला असतात? तू कुठे शिकलास?" माझा आवाज मशिनींच्या आवाजात बोलून बोलून तयार झालेला आहे, तो चढला की दोन मजले खाली ऐकू जातो. सून ताटावरून उठून आत गेली. मुलगा ताटाकडे बघत बसला. बायको एवढंच म्हणाली, "अहो, पोर झोपलंय." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी बायको लसूण सोलता सोलता म्हणाली, "पोरीला जरा आईबापाकडे पंधरा दिवस नेऊन आणा की. सुट्टीच आहे. तिची आई व्हिडिओवर बघून बघून किती दिवस समाधान मानेल?" मी म्हटलं, आपण दोघं जाऊ. तर म्हणे, "माझ्या गुडघ्यांना तो विमानतळ झेपायचा नाही. आणि तुमच्याशिवाय ती राहते का कुणाजवळ? तुम्हीच जा." त्या शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. इतक्या वर्षांच्या संसारात माझी चावी कुठे लागते ते तिला चांगलंच कळलेलं आहे. मुलानं दुसऱ्याच दिवशी तिकिटं पाठवली. एवढ्या तातडीनं त्यानं माझं कुठलंच काम कधी केलेलं नाही, हेसुद्धा मला तेव्हा खटकलं नाही.

बॅग बायकोनं भरली. मी बघितलं तर त्यात स्वेटर, पायमोजे, पावसाळी बूट, सगळंच. "अगं, पंधरा दिवसांना एवढं?" "बंगलोरला थंडी असते." "मे महिन्यात?" "तुम्हाला काय कळतं त्यातलं," असं म्हणून तिनं चेन ओढली. मी वेड पांघरून पेडगावला गेलो असतो तर गोष्ट वेगळी. पण मी खराखुराच वेडा, बॅगेवर बसून चेन लावायला तिला मदत केली.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी होती. मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. आत बघतो तर बायकोनं पोरीला पाटावर बसवलेलं, कपाळाला कुंकू लावलेलं, आणि तिच्या फ्रॉकच्या ओच्यात तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ अशी रीतसर ओटी भरणं चाललेलं. पोरगी दोन्ही हातांनी फ्रॉक धरून मोठ्या बाईसारखी गंभीर होऊन बसली होती.

"अगं, तो टॅक्सीवाला खाली कटकट करतोय. आणि एवढ्याशा पोरीची कसली ओटी भरतेस?"

"मुलीनं रिकाम्या ओटीनं घरातून निघू नये."

"पंधरा दिवसांसाठी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा दिवस काय आणि एक दिवस काय."

ओटीतलं सगळं तिनं त्या खणात बांधलं आणि ते गाठोडं पोरीच्या पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये घातलं. वर मला बजावलं की हे मोठ्या सामानात टाकू नका, तिच्याजवळच राहू दे. मग तिनं पोरीला एवढा वेळ कवटाळून धरलं की पोरगीच वैतागून म्हणाली, "आज्जी, सोड ना, विमान जाईल." बायको खाली टॅक्सीपर्यंत आली नाही. गुडघे दुखतायत, म्हणाली.

शिळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. मला त्याची फिकीर नव्हती. या पोरीचा वेळ घालवण्यात माझा हात धरणारा माणूस नाही. लोकांना वाटतं, मुलांना सारखं काहीतरी नवीन दाखवलं पाहिजे. साफ खोटं. मुलांना जुनंच हवं असतं, तेच, तसंच, पुन्हा पुन्हा. ठाण्याला खोपटला माझी बहीण राहते. तिच्याकडे गेलो की मी पोरीला तिथल्या एसटी डेपोत न्यायचो आणि आम्ही बाकड्यावर बसून गाड्या बघायचो. मी पाट्या वाचायचो, ती कंडक्टर व्हायची. तोच खेळ टॅक्सीत सुरू झाला. ती मागच्या सीटवर उभी राहून ओरडत होती, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे!" टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, मी कुठे सरकू? पुढे ट्रक आहे." ती म्हणाली, "मग ट्रकला सांगा." आम्ही विमानतळावर पोचेपर्यंत तिनं त्या बिचाऱ्याला तीन वेळा तिकीट फाडून दिलं.

मोठी बॅग आत गेली आणि आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. तिथे पोरीची सॅक बाजूला काढली गेली. वर्दीतली मुलगी म्हणाली, "अंकल, इसमें नारियल है?"

"है."

"नारियल अंदर नहीं जाएगा."

"अहो, वो ओटी का है."

"किसका है?"

आता हिंदीत ओटी कशी समजावायची? मी म्हटलं, "लडकी जब घर से जाती है ना, तब उसके गोद में डालते हैं." तिनं वाकून पोरीकडे पाहिलं. "कहाँ जाती है?" "मतलब... ससुराल जाती है तब." मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "आजोबा, नात सासरी निघाली वाटतं!" आणि रांगेतली चार माणसं हसली. माझं टाळकं सरकलं. मी वळून म्हटलं, "तुमची बॅग तपासा आधी, माझ्या नातीची काळजी करू नका." वर्दीतली मुलगी मात्र आपल्या जागी ठाम होती. नारळ जाणार नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, ओटीचा नारळ असा टाकायचा नसतो. ती म्हणाली, पीछे लाइन है, अंकल.

शेवटी तिथे झाडलोट करणारी एक बाई पुढे आली. "आजोबा, माझ्याकडे द्या. मी घरी नेऊन देवापुढे ठेवते." मी नारळ तिच्या हातात दिला. तिनं तो कपाळाला लावला आणि पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "एवढुशीची ओटी कुणी भरली?"

"आमच्या बायकोनं," मी म्हटलं. "तिला काही कळत नाही."

"आज्जीला सगळं कळतं," पोरगी म्हणाली.

विमानाला उशीर होता. किती, ते कुणी नीट सांगत नव्हतं. चहाची किंमत ऐकून मी पाण्यावर भागवलं. सरकत्या जिन्यावरून आम्ही इतक्या वेळा वर-खाली केलं की तिथल्या माणसानं आम्हाला हात जोडले. मग काचेशी उभं राहून सामानाच्या गाड्या बघितल्या. पोरीला विमानापेक्षा त्या गाड्याच जास्त आवडल्या, कारण त्या एसटीसारख्या एकामागे एक लागत होत्या. तिनं डब्यातले धपाटे खाल्ले, स्केचपेननं माझ्या हातावर घड्याळ काढलं. शेजारी एक तरुण आईबाप बसले होते. त्यांच्या पोराच्या हातात मोबाइल होता आणि तरी ते रडत होतं. मी त्यांच्याकडे जरा तोऱ्यातच बघत होतो, खोटं कशाला बोलू. माझी पोरगी तीन तास कुरकुरली नव्हती.

विमान वर चढताना तिनं लिमलेटची गोळी चघळली, माझा अंगठा घट्ट धरला आणि ढग आल्यावर सोडून दिला. खुर्चीपुढचं ते छोटं टेबल उघडून तिनं थोडा वेळ दुकान मांडलं. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना फटीतून हात घालून तिकीट दिलं. मग ती कंटाळली. पट्टे बांधून ठेवा अशी सूचना झाली होती, विमान हलत होतं, उठून फिरवता येत नव्हतं. तेव्हा मी आमचा हुकमी खेळ काढला.

हा खेळ शहाडच्या मावशीमुळे सुरू झाला. मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. बायको तिच्याकडे दिवसभर गेली की पोरगी संध्याकाळपर्यंत सैरभैर व्हायची. मग मी विचारायचो, "आज्जी आत्ता काय करत असेल?" एक ती सांगायची, एक मी सांगायचो. खेळता खेळता बायको परत यायची. तोच खेळ मी विमानात सुरू केला.

"आज्जी आत्ता काय करत असेल?"

"कैऱ्या किसत असेल," पोरगी म्हणाली.

"मग हात धुऊन खाली काकूंकडे गेली असेल."

"मग काकूंना सांगत असेल, विमान गेलं."

"मग वर येऊन आडवी झाली असेल. आणि घोरत असेल!" मी घोरून दाखवलं. एरवी यावर ती खिदळते. तेव्हा हसली नाही.

"नाही," ती म्हणाली. "आज्जी रडत असेल."

"का गं?"

"मी आता आईकडेच राहणार ना. मोठ्या शाळेत जाणार." ती खिडकीतून ढग बघत होती. "आणि आबा परत जाणार."

"कुणी सांगितलं तुला?"

"आज्जीनं." मग तिला एकदम काहीतरी आठवलं. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. हातांच्या आडूनच म्हणाली, "आबांना नाही सांगायचं. आबा ओरडतात."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या सीटवर बसून कळलं, कारण उठताही येत नव्हतं. पट्टा बांधलेला, एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला झोपलेला कुणी परका माणूस, आणि खाली जमीनसुद्धा नाही. ओरडणार कुणावर? ज्यांच्यावर ओरडायचं त्यातले दोघं पुढे होते आणि एक मागे राहिली होती. स्केचपेनवाल्या बाईंचे डोळे, पावसाळी बूट, मुलाची ती तत्परता, सगळं एकेक करून जागेवर बसायला लागलं. आणि ती ओटी. आमच्याकडे माहेराहून निघणाऱ्या लेकीची ओटी भरतात. जिचं घर दुसरीकडे असतं, जी चार दिवस येते आणि जाते, तिची. बायकोनं माझ्या डोळ्यांदेखत आमच्या घराचं त्या पोरीचं माहेर करून टाकलं होतं आणि मी तिथेच बुटांच्या नाड्या बांधत बसलो होतो. वर तपासणीच्या रांगेत मी त्या ओटीसाठी भांडलो. तिला काही कळत नाही असं परक्या बाईला सांगितलं. केसानं गळा कापतात तो असा. धार लागत नाही, म्हणून मान पुढे करून बसतो माणूस.

आणि सगळ्यात जास्त कशानं लागलं, तर पोरीनं. तिला माहीत होतं. शिळफाट्यावर कंडक्टर होऊन तिकीट फाडताना माहीत होतं, सरकत्या जिन्यावर माझा हात धरून हसताना माहीत होतं. साडेतीन वर्षांच्या पोरीनं पोटात ठेवलं आणि मला शेजारी बसवून ती ढग बघत होती. तिला त्याचा अर्थ किती कळला होता देव जाणे. पण माझ्यापासून लपवायचं असतं, एवढं तिला कळलं होतं.

"आबा, तुमची पाळी," ती म्हणाली.

मी हातावरच्या स्केचपेनच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हटलं, "आज्जी आत्ता देवापुढे दिवा लावत असेल."

"दुपारी कुणी दिवा लावतं का, आबा!" ती आता मात्र खिदळली.

विमान उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. दारातून बाहेर पडायचंच नाही. आतूनच परतीचं तिकीट काढायचं, पोरीला घेऊन पुढच्या विमानानं परत फिरायचं, आणि मग डोंबिवलीत बसून एकेकाचा समाचार घ्यायचा. सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून मी बायकोला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. फोन हातात धरूनच बसली असणार.

"पोचलात? खाल्लं का तिनं?"

"तू मला फसवलंस," मी म्हटलं.

मग म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"जिनं सांगायचं नव्हतं तिनं."

"तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं."

"नसतंच दिलं! मग तू आणायची होतीस. तुझा निर्णय, तू यायचं होतंस."

"मी आले असते तर तिथूनच तिला घेऊन परत फिरले असते," ती म्हणाली. "मला जमलं नसतं हो."

"आणि मला जमेल असं वाटलं तुला?"

"तुम्हाला माहीतच नव्हतं ना. आपलं तोंड बघून पोरीला सगळं कळतं. माझ्याबरोबर ती रडत गेली असती. तुमच्याबरोबर हसत गेली." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तिच्या आईला पोर हवंय हो. किती दिवस आपण..."

मी फोन बंद केला. उत्तर नसलं की मी ओरडतो, हे मला माहीत आहे. पण पोरगी माझ्या बोटाला धरून उभी होती आणि वर बघत होती.

काचेच्या दारापलीकडे मुलगा आणि सून उभे होते. पोरीनं त्यांना पाहिलं आणि ती माझ्या पायामागे गेली. पँटला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सून खाली बसली, हात पुढे केले, तिला नावानं हाक मारली. पोरगी हलली नाही. ते हात तसेच राहिले. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, फार बरं वाटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सॉरी. घरी जाऊन बोलू या." मी म्हटलं, "चांगला डाव टाकलात. बापाला हमाल केलंत. माल पोचवायला." त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली. आणि त्या क्षणी मी माझा बेत बदलला. म्हटलं, परत कशाला फिरायचं? राहतो पंधरा दिवस. ही पोरगी यांच्याजवळ राहायची नाही. रडून रडून घर डोक्यावर घेईल आणि हेच दोघं हात जोडून म्हणतील, बाबा, घेऊन जा. त्याची मी वाट बघणार होतो.

पहिले काही दिवस सगळं माझ्या मनासारखं चाललं. सुनेनं सुट्टी घेतली होती. ती भरवायला बसली की पोरगी तोंड फिरवायची, "आबा भरवतील." ती वेणी घालायला गेली की, "आबा घालतील." मी पेपरमागे बसून ऐकायचो. मदतीला उठायचो नाही, आणि पोरीला समजवायचोही नाही. बायकोचा फोन आला की मी गॅलरीत निघून जायचो. मुलगा माझ्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसायचा, काहीतरी बोलायचा प्रयत्न करायचा आणि उठून जायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय बोलायचं?

मग एकदा सूनच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, एक विचारू? ती दुपारी झोपून उठली की इतकी का रडते? मी काय काय केलं, दूध दिलं, खेळणी दिली, बोलले, गप्प होतच नाही. तुम्ही काय करता?"

मला माहीत होतं काय करायचं. दुपारच्या झोपेतून उठली की पोरगी उगीचच रडते, पहिल्यापासून. तिच्याशी बोलायचं नसतं. काही द्यायचं नसतं. नुसतं खांद्यावर घ्यायचं आणि खिडकीशी जाऊन उभं राहायचं, तोंड बाहेर करून, गप्प. ती आपोआप शांत होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कित्येक दुपारी फुकट घालवून मी ते शोधलेलं होतं, आणि बायकोलासुद्धा ते जमत नव्हतं. माझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं. मी सुनेला म्हटलं, "मुलं रडतात. होईल सवय." ती निघून गेली. त्यानंतर रोज दुपारी पोरगी रडायची, "आबा" म्हणून हाका मारायची, मी जाऊन उचलायचो, आणि सून स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची.

परतीच्या आदल्या दिवसाची दुपार. माझी बॅग भरून झाली होती. पोरगी आतल्या खोलीत झोपली होती आणि मी दाराशीच खुर्ची टाकून बसलो होतो, नेहमीसारखा. सून पलीकडे कामाला बसलेली, कानात ते यंत्र घालून कुणाशी तरी बोलत होती. पोरगी जागी झाली. आधी नुसतंच कुरकुरली, मग रडायला लागली. मी उठलो. पडदा बाजूला करून आत पाय टाकणार, तेवढ्यात तिनं हाक मारली.

"आई."

मी तिथेच थांबलो. वाटलं, मला चुकून ऐकू आलं. तिनं पुन्हा हाक मारली. मी तिला दिसत होतो. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती, आणि आईला हाक मारत होती. सुनेला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी आत गेलो असतो, उचलून खांद्यावर घेतलं असतं, तर ती गप्प झाली असती आणि ती हाक माझ्याशिवाय कुणालाच कळली नसती. बायकोला तर मुळीच नाही. मला फसवायला सगळ्यांनी मिळून जेवढी खटपट केली होती, त्यापुढे हे काहीच नव्हतं. माझा हात पडद्याला होता. पोरगी रडत होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी वळलो आणि सुनेच्या दारात गेलो. तिनं घाईघाईनं कानातलं काढलं.

"उठलीय," मी म्हटलं. "तुला हाक मारतेय."

"मला?"

"तुलाच. आणि हे बघ, तिच्याशी बोलू नकोस. काही देऊ नकोस. नुसती खांद्यावर घे आणि खिडकीशी उभी राहा, तिचं तोंड बाहेर करून."

ती धावत गेली. मी पडद्याबाहेरून बघत होतो. तिनं मी सांगितलं तसंच केलं, एक शब्दही बोलली नाही. पोरगी तिच्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत राहिली आणि हळूहळू गप्प झाली. माझ्या खांद्यावर लागायचा तेवढाच वेळ लागला.